लोकलमधला दंड: कलम १३७ की १३८, हिशोब कसा होतो, आणि पास-ॲपच्या कोणत्या चुकांनी प्रामाणिक माणूस 'विदाऊट' ठरतो

मधला_डबा

मुंबई लोकलच्या दंडाबद्दल इथे तुकड्यातुकड्यांनी बरंच लिहिलं गेलंय, आणि त्यात ऐकीव माहिती खूप मिसळली आहे. "टीसी मनाला येईल तो आकडा सांगतो" असं सर्रास म्हणतात. तसं नाही. आकडा कायद्यात आहे, हिशोबाची रीतही ठरलेली आहे. ती माहीत नसली की माणूस एकतर घाबरून मागतील ती रक्कम हातावर ठेवतो, नाहीतर उगाच हुज्जत घालून साध्या चुकीचं प्रकरण वाढवतो. म्हणून सगळं एका धाग्यात आणू या.

रेल्वे कायदा १९८९ चा. त्यातली दोन कलमं लक्षात ठेवायची.

कलम १३८: तिकीट दाखवता आलं नाही, तिकिटापेक्षा पुढे गेलात, किंवा खालच्या वर्गाच्या तिकिटावर वरच्या वर्गात बसलात. इथे हेतू विचारला जात नाही. चूक असो वा विसर, भाडं (किंवा भाड्यातला फरक) अधिक जादा आकार. हा आकार भाड्याच्या रकमेइतका किंवा २५० रुपये, जे जास्त असेल ते. पूर्वी हे २५० च्या जागी ५० होते, २००४ पासून अडीचशे झाले.

कलम १३७: फसवण्याच्या हेतूने केलेला प्रवास. हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खास कारण नोंदवल्याशिवाय न्यायालयाला दंड ५०० च्या खाली आणता येत नाही. भाडं आणि जादा आकार त्याशिवाय.

ठाणे ते सीएसएमटीचा हिशोब धरू. सेकंड क्लास १५ रुपये, फर्स्ट क्लास ८५, एसी ९५.
सेकंडमध्ये तिकीटच नाही: १५ + २५० = २६५.
सेकंडचं तिकीट, बसलात फर्स्टमध्ये: फरक ७० + २५० = ३२०.
सेकंडचं तिकीट, चढलात एसीत: फरक ८० + २५० = ३३०.
फर्स्टचं तिकीट, चढलात एसीत: फरक १० + २५० = २६०.
फर्स्ट आणि एसीला जीएसटीचे थोडे रुपये वर लागतात.

यापेक्षा फार वेगळा आकडा कानावर आला तर शांतपणे विचारायचं, "भाडं कुठून कुठपर्यंत धरलंय?" बहुतेक वेळा उत्तर त्यातच असतं.

कसारा_स्लो

त्या "कुठून कुठपर्यंत"बद्दलच भर घालतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात.

तिकीट नसेल आणि तुम्ही कुठे चढलात याबद्दल शंका असेल, तर भाडं गाडी जिथून सुटली तिथपासून धरतात. मधे कुठे त्या गाडीची तपासणी झालेली असेल तर त्या ठिकाणापासून. म्हणजे कसाऱ्याहून आलेल्या फास्टमधून सीएसएमटीला उतरलात आणि "दादरला चढलो" म्हणालात, तर ते मान्य करायला टीसी बांधील नाही. त्याच्या हातात पुरावा नाही, तुमच्याही नाही.

म्हणून पुढे गेल्यामुळे सापडलेल्या माणसाने आधीचं तिकीट किंवा पास आधी पुढे करावा. तो दाखवला की हिशोब पासाच्या शेवटच्या स्टेशनापासून सुरू होतो. घाबरून खिशात ठेवलात तर स्वतःचंच नुकसान.

वसईवाली

पास काल संपला, आज सकाळी लक्षातच आलं नाही. सगळ्यात जास्त सापडतात ते असे लोक. याला १३७ लागतं की १३८? आणि महिनोन्‌महिने पास काढणाऱ्याला एका दिवसाची सवलत नाही?

मधला_डबा

१३८. मुदत संपलेला पास म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तिकीट नाही. भाडं आणि अडीचशे. सवलत नाही.

टीसीला माफ करण्याचा अधिकारच नाही, हे लक्षात घ्यायला हवं. १३८ मध्ये हेतू बघत नाहीत, त्यामुळे "याची चूक खरी दिसते" म्हणून सोडून देण्याची मुभा त्याला कायदा देत नाही. आधीच्या अकरा महिन्यांचे पास दाखवून एवढंच होतं की प्रकरण १३७ कडे जात नाही. ते मात्र जरूर दाखवा.

माझं स्पष्ट मत असं की इथे नियम बदलायला हवा. लागोपाठ पास काढणाऱ्याचा पास संपून एक-दोन दिवस झाले असतील, तर त्याने त्या दिवसाचं भाडं भरावं आणि तिथल्या तिथे नूतनीकरण करावं. पासाचा सगळा इतिहास रेल्वेच्याच संगणकात आहे, पडताळायला मिनिट लागणार नाही.

तिकीटखिडकी

पासाच्या तारखेचा घोळ नेमका कुठे होतो ते सांगते.

१) १७ तारखेला सुरू झालेला महिन्याचा पास पुढच्या महिन्याच्या १६ तारखेपर्यंत चालतो. १७ ला नाही. "महिना झाला की काढू" म्हणणारे १७ च्या सकाळी सापडतात.

२) ॲपवर काढलेला पास दुसऱ्या दिवसापासून लागू होतो. आज सकाळी स्टेशनच्या वाटेवर काढला, पैसे गेले, पास आला, पण "पासून" उद्याची तारीख. आजच्या दिवसासाठी वेगळं तिकीट काढावंच लागतं. नवीन नोकरी लागलेले आणि कॉलेजची मुलं यात हमखास अडकतात. ज्यांना आजपासूनच हवा त्यांनी खिडकीवर जाऊन तसं आधी सांगावं आणि हातात आल्यावर तारीख वाचावी.

३) नूतनीकरण मुदत संपायच्या १० दिवस आधीपासून करता येतं. नवा पास जुना संपल्यावर सुरू होतो, दिवस वाया जात नाहीत. म्हणून फोनवर आठवण लावायची ती शेवटच्या दिवसाची नको, आठ दिवस आधीची.

४) ओळखपत्र. पासावर ज्या ओळखपत्राचा नंबर आहे तेच जवळ हवं. ॲपवर आधारचा नंबर टाकला आणि खिशात पॅन कार्ड, तर वादाला निमित्त मिळतं. पास दुसऱ्याला देता येत नाही. दिला तर कलम १४२ खाली तो गुन्हा होतो, आणि त्यात पासही जप्त होतो.

तिमाही पासाबद्दल कायम विचारणा होते. तिमाही म्हणजे मासिकाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट, वार्षिक १०.८ पट. भागून बघा, तिन्हींत सूट सारखीच, १० टक्के. वार्षिक काढला म्हणून जास्त सूट मिळत नाही, फक्त तारीख विसरायची भीती वर्षातून एकदाच उरते. उलट मधेच घर किंवा नोकरी बदलली तर पैसे अडकतात, आणि ॲपवरचा पास रद्द होत नाही. मला विचाराल तर तिमाही बरा.

खिडकीसीट

ॲपचं सविस्तर लिहा कुणीतरी. जिन्यापाशी उभं राहून तिकीट काढायला गेलं की "तुम्ही स्टेशनच्या हद्दीत आहात" असा संदेश येतो आणि गाडी समोर दिसत असते.

पनवेलवाला

लिहितो. रेल्वेचं आधीचं तिकिटाचं ॲप यूटीएस असो की २०२५ च्या जुलैत आलेलं रेलवन, पेपरलेस तिकिटाचं तत्त्व एकच: फोनची जागा बघायची आणि रुळांच्या, फलाटाच्या हद्दीत असाल तर तिकीट द्यायचं नाही. कारण उघड आहे. ही अट नसती तर लोक गाडीत बसून, टीसी दिसल्यावरच तिकीट काढतील. बाहेरच्या बाजूची हद्द, म्हणजे स्टेशनपासून अमुक किलोमीटरच्या आतच असायला हवं ही अट, २०२४ मध्ये काढली. त्यामुळे घरून निघताना कुठल्याही स्टेशनापासूनचं तिकीट काढता येतं. आतली हद्द मात्र आहे.

अडचण अशी की फोनचं जीपीएस उंच इमारतींमध्ये आणि पत्र्याखाली भरकटतं. तुम्ही रस्त्यावर असता, फोनला वाटतं फलाटावर आहात. रुळांना लागून घरं असलेल्यांना तर घरातूनच नकार येतो. यावर जे करता येतं ते असं:

– ॲपला जागेची परवानगी देताना 'अंदाजे' नको, 'अचूक' निवडा. नव्या अँड्रॉइडमध्ये हे दोन पर्याय वेगळे असतात. अंदाजे ठेवलं की ठिपका भलतीकडेच जातो.
– उघड्यावर या. स्कायवॉकच्या छताखालून, बस डेपोच्या शेडमधून बाहेर. नकाशाचं ॲप उघडून निळा ठिपका स्थिर होईपर्यंत थांबा, मग तिकिटाच्या ॲपवर जा.
– वॉलेटमध्ये पैसे आधीच ठेवा. तिथे ओटीपी आणि बँकेची वाट बघावी लागत नाही. आर-वॉलेट (रेल्वेचं ॲपमधलं वॉलेट) वापरलं की ३ टक्के बोनस मिळतो तो वेगळाच.
– तरीही नाही जमलं तर एटीव्हीएम (स्टेशनवरचं तिकिटाचं यंत्र) किंवा खिडकी. "गाडीत बसून काढतो" हा मार्ग नाही. दोन स्टेशनांच्या मधे कधी निघतंही, पण त्यावर काढल्याची वेळ असते. गाडी आधीच्या स्टेशनावरून १०:०४ ला सुटली आणि तिकीट १०:०७ चं, तर ते तिकीट तुमच्याच विरोधातला पुरावा होतं.

आणखी एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. साध्या लोकल तिकिटावर काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो. ऑफिसात पाच वाजता निवांत काढून ठेवलं आणि साडेसहाला निघालात, तर ते संपलेलं आहे. आणि पेपरलेस तिकीट रद्द होत नाही, पैसे परत नाहीत.

वसईवाली

पैसे कापले गेले, तिकीट आलं नाही, मोबाइलवर बँकेचा मेसेज आहे. हे दाखवलं तर चालतं का?

पनवेलवाला

नाही. बँकेचा मेसेज म्हणजे तिकीट नव्हे. 'बुकिंग हिस्टरी'त बघा. व्यवहार अर्धवट राहिला असेल तर पैसे आपोआप परत येतात. तोवर वॉलेटमधून किंवा खिडकीवरून दुसरं काढा. १५ रुपये दोनदा गेले तरी ते २६५ पेक्षा बरे.

स्क्रीनशॉटचंही तेच. तिकीट ॲपमधल्या 'तिकीट दाखवा'तूनच दाखवायचं. नेट नसलं तरी ते उघडतं, कारण तिकीट फोनमध्येच साठवलेलं असतं. पण बॅटरी संपली तर काही इलाज नाही, कायद्याच्या भाषेत तुम्ही तिकीट दाखवू शकला नाहीत. अर्ध्या दिवसात फोन मान टाकत असेल तर ॲपवर कागदी तिकिटाचा पर्याय निवडून एटीव्हीएमवरून छापून घ्या. छापल्याशिवाय मात्र तो पर्याय ग्राह्य नाही, फोनवरचा बुकिंग नंबर दाखवून चालत नाही.

फोन बदलताना: जुन्यावरून लॉगआऊट, नव्यावर लॉगइन, तिकिटं सिंक, आणि पास डोळ्यांनी दिसल्याशिवाय घराबाहेर पडू नका. दुरुस्तीला दिलेल्या फोनमध्ये पास अडकणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

आभा_ठाणे

बनावट पास तयार करणाऱ्यांमुळे स्क्रीनकडे नुसतं बघून हल्ली कुणी सोडत नाही, नंबर पडताळला जातो. ते योग्यच आहे. त्या मंडळींवर तर थेट भारतीय न्याय संहितेतली फसवणूक-बनावटीची कलमं लागतात. १३७-१३८ चा विषयच तिथे राहत नाही. हे इथे लिहिते कारण कॉलेजच्या ग्रुपांवर "पासाची लिंक" म्हणून काहीबाही फिरत असतं. मुलांनो, अडीचशे रुपयांपायी आयुष्यभराची पोलीस नोंद ओढवून घेऊ नका.

नेरूळ_नाका

'व्हाया'वर कोणीच लिहिलं नाही. नवी मुंबईकरांचा निम्मा दंड याच्यापायी जातो.

पासावर दोन स्टेशनांच्या नावांखाली मार्ग छापलेला असतो, आणि पास फक्त त्याच मार्गाचा. ठाणे–पनवेल पास ट्रान्स हार्बरने, म्हणजे ऐरोली-तुर्भेवरून निघतो तसा कुर्ल्यावरूनही निघतो. ट्रान्स हार्बरचा पास खिशात ठेवून कुर्ल्याला गाडी बदलताना सापडलात, तर दोन्ही टोकांची स्टेशनं बरोबर असूनही तुम्ही मार्गाबाहेर आहात. ॲपवर नूतनीकरण करताना मार्गाची यादी येते आणि घाईत पहिला पर्याय दाबला जातो. पैसे भरायच्या आधीच्या पानावर मार्ग पुन्हा वाचा.

याला एक अपवाद आहे. रविवारच्या मेगाब्लॉकच्या वेळी हार्बर बंद असतो तेव्हा रेल्वे स्वतः जाहीर करते की हार्बरच्या प्रवाशांना ठाणे–वाशी/नेरूळ मार्गे जाता येईल. ही मुभा जाहीर केलेल्या वेळेपुरतीच, साधारण सकाळी १० ते संध्याकाळी ६. सहा वाजून गेल्यावर ब्लॉकचं कारण चालत नाही. जाहीर केलेलं पत्रक फोनवर ठेवा. सगळ्या टीसींना त्या क्षणी ते आठवेलच असं नाही.

कसारा_स्लो

पासाच्या पुढे जायचं असेल तर काय, हेही इथेच घ्या. पास डोंबिवलीपर्यंतचा, आज जायचंय बदलापूरला. गाडीत बसायच्या आधी डोंबिवली–बदलापूर तिकीट काढायचं. पूर्ण सीएसएमटी–बदलापूर काढायची गरज नाही. टीसीला पास आणि तिकीट दोन्ही एकत्र दाखवायचं. गाडीत डोळा लागून पुढे गेलात तर उतरल्या फलाटावरून परतीच्या गाडीत चढू नका. बिनतिकिटाचा प्रवास तेवढा आणखी लांबतो. आधी बाहेर जाऊन तिकीट काढा.

कायद्यात प्रामाणिक माणसासाठी एक वाट ठेवलेली आहे, कलम ५५(२). रेल्वेच्या अधिकृत कर्मचाऱ्याला आधीच सांगितलं, आणि त्याने "नंतर भाडं भरण्याच्या अटीवर प्रवासाची परवानगी" असं प्रमाणपत्र दिलं, तर जादा आकार लागत नाही, फक्त भाडं. लांबच्या गाडीत गार्डाकडे जाऊन हे करता येतं. लोकलमध्ये वीस-तीस सेकंदांच्या थांब्यात कोण कुठे गार्ड शोधणार? तरतूद कागदावर चांगली आहे, उपनगरी गाडीच्या वेगाला ती बसत नाही. फलाटावर टीसी दिसला आणि आपली चूक आपल्याच लक्षात आली असेल, तर पकडलं जायच्या आधी स्वतःहून त्याच्याकडे जाणं एवढंच हातात उरतं.

खिडकीसीट

फर्स्ट क्लासच्या डब्यात चुकून चढणं. नवीन माणसाला कळतच नाही. डब्यावर तिरपे पट्टे असतात, पण गर्दीत पट्टे झाकलेले असतात.

आभा_ठाणे

पट्टे डब्यावर दिसले नाहीत तरी फलाटावर खूण असते. छताच्या खांबांना तसेच तिरपे पट्टे रंगवलेले असतात, त्याच जागी फर्स्टचा डबा थांबतो. खांब बघून उभं राहायची सवय लावली की चूक होत नाही. पण १२ आणि १५ डब्यांच्या गाड्यांत जागा सरकते, तेव्हा इंडिकेटरवरचा डब्यांचा आकडा आधी वाचा.

चुकून चढलातच तर पुढच्या स्टेशनला लगेच उतरा. तीन स्टेशनं बसून राहिल्यावर "माहीत नव्हतं" कोणी ऐकत नाही. आणि कलम १३९ मध्ये एक उपयोगाची गोष्ट आहे. वरच्या वर्गातून उतरवलं तरी खालच्या वर्गाचं तुमचं तिकीट शाबूत असतं, त्यावर सेकंडमधून पुढे जाता येतं.

त्याच कलमात बायकांसाठी आणखी एक तरतूद आहे, ती प्रत्येकीला माहीत हवी. सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला पैसे भरले नाहीत म्हणून वाटेत कुठेही उतरवता येत नाही. उतरवायचंच तर प्रवास सुरू झाला ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण, आणि तेही फक्त दिवसा. रात्री साडेदहाला एखाद्या सामसूम स्टेशनावर "इथेच उतरा" असं कुणी म्हणालं, तर कलमाचा नंबर सांगा.

नेरूळ_नाका

एसी लोकलबद्दल थोडक्यात. मे २०२२ मध्ये एसीचं भाडं निम्म्यावर आलं आणि तेव्हापासून गर्दी आणि विदाऊट दोन्ही वाढले. एसीचा पास साध्या लोकलच्या फर्स्टमध्ये चालतो. फर्स्टचा पास एसीत चालत नाही. तो फरक भरून एसीत बदलून घेता येतो, सप्टेंबर २०२२ पासून ती सोय आहे. हे काम आधी खिडकीवर करायचं, गाडीत चढल्यावर नाही.

साध्या लोकलच्या वेळेला ऐनवेळी एसी गाडी लागणं हा सगळ्यात त्रासाचा प्रकार. दार उघडतं, मागून लोंढा ढकलतो, दार बंद. पुढचं स्टेशन येईपर्यंत तुम्ही आत, हातात सेकंडचा पास. कायदा बघता ३३० रुपयांना सामोरं जावं लागतं. घोषणा आणि इंडिकेटरवरचं 'एसी' वाचल्याशिवाय कडेला उभं राहू नये, याहून दुसरा उपाय दिसत नाही. रेल्वेने बदललेल्या गाडीत पहिल्या स्टेशनापर्यंत कारवाई करू नये, अशी लेखी सूचना टीसींना द्यायला हवी. ही मागणी सगळ्यांनी लावून धरली पाहिजे.

वसईवाली

पूल ओलांडताना पकडतात ते कितपत बरोबर? पूर्वेहून पश्चिमेला जायचं असतं फक्त.

मधला_डबा

पूल कोणाचा, यावर अवलंबून. ज्या पुलाचे जिने फलाटावर उतरतात तो रेल्वेच्या हद्दीतला, तिथे तिकीट किंवा प्लॅटफॉर्म तिकीट लागतं. १० रुपये, दोन तास चालतं. ते नसेल तर अडीचशे आणि वर त्या फलाटावर शेवटच्या आलेल्या किंवा गेलेल्या गाडीचं भाडं. फक्त ओलांडायचं असेल तर पालिकेचा पूल किंवा स्कायवॉक धरा, लांब पडला तरी. शिवाय कलम ५४ प्रमाणे तिकीट प्रवास संपल्यावरही मागता येतं. म्हणून पुलावर, जिन्यावर, बाहेरच्या दारावर तपासणी करणं नियमाला धरूनच आहे. कागदी तिकीट रस्त्याला लागेपर्यंत फेकू नका.

आता पावती. दंड रोख द्या, यूपीआयने द्या, पावती न घेता फलाट सोडू नका. ईएफटीच्या (जादा भाड्याच्या पावत्यांच्या) पुस्तकातली असो की हातातल्या यंत्रातली, तिच्यावर चार गोष्टी बघा: कुठून–कुठपर्यंत, वर्ग, भाडं आणि जादा आकार वेगवेगळे लिहिलेले, आणि कर्मचाऱ्याची सही किंवा क्रमांक. नुसता एकच गोल आकडा असेल तर फोड करून मागा. ही पावती पुढच्या प्रवासाचं तिकीट म्हणूनही उपयोगी पडते, कारण त्यावर लिहिलेल्या स्टेशनापर्यंतचं भाडं तुम्ही भरलेलं असतं. म्हणून टीसीला आधीच सांगा की मला अमुक स्टेशनपर्यंत जायचंय. पकडलं तिथपर्यंतचीच पावती घेऊन पुढे गेलात, तर पुढच्या टप्प्याला पुन्हा विदाऊट.

साध्या कपड्यातल्या माणसाने तिकीट मागितलं तर ओळखपत्र बघायचा हक्क तुम्हाला आहे. टीसी असल्याचा आव आणणारे पकडले गेलेले आहेत. पैसे कुणाच्या खासगी नंबरवर पाठवू नका. तक्रार १३९ या हेल्पलाइन नंबरवर किंवा रेलमदद ॲपवर, पावतीच्या नंबरासह.

पनवेलवाला

आणि पैसे नसतील, किंवा आकडा मान्य नसेल तर? हे विचारणाऱ्यांसाठी पुढची पायरी.

१३८ खाली रक्कम भरली नाही तर रेल्वे दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते. रक्कम दंडासारखी वसूल होते. न भरल्यास दहा दिवसांपासून एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. अडीचशे रुपयांसाठी हे टोक गाठू नये. रक्कम भरा, पावती घ्या, मग लेखी तक्रार करा. भरली म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही.

नाव-पत्ता खरा सांगा. कलम १८० प्रमाणे नाव-पत्ता नाकारला किंवा खोटा वाटला, तर विनावॉरंट अटक करता येते. हुज्जतीत लोक नेमकं इथेच घसरतात, आणि १३८ चं साधं प्रकरण हाताबाहेर जातं.

खिडकीसीट

अडीचशे सगळ्यांना सारखेच, हे कितपत न्याय्य आहे? पाच रुपयांच्या प्रवासावर ५० पट, एसीच्या ९५ वर पावणेतीन पट सुद्धा नाही.

कसारा_स्लो

अगदी खरं आहे. कायद्यात "भाड्याइतका किंवा २५०, जे जास्त" असं असलं तरी लोकलच्या कुठल्याच भाड्यात पहिला पर्याय लागू होत नाही. उपनगरी भाडं अडीचशेच्या वर जातच नाही, म्हणून तो आकडा लोकलपुरता सपाट होऊन बसलाय. एक स्टेशन जाणारी भाजीवाली आणि एसीतला विदाऊट दोघांना तोच मार. वर्गाप्रमाणे आकार वेगळा ठेवला तर एसीत चढणाऱ्याला जरब बसेल आणि पाच रुपयांच्या तिकिटवाल्याची पूर्ण दिवसाची मजुरी जाणार नाही. त्यासाठी संसदेत दुरुस्ती लागेल, रेल्वेच्या परिपत्रकाने होणार नाही. खासदारांना लिहिताना कलम १३८ चं पोटकलम (३) असा नेमका उल्लेख करा.

तिकीटखिडकी

मेट्रोलाही हीच कलमं लागतात का, असं कुणीतरी दुसऱ्या धाग्यात विचारलंय. तिथे कायदा वेगळा, २००२ चा, १३७-१३८ तिथे नाहीत. दरवाजे असल्यामुळे विदाऊट कमी. अडचणी येतात त्या बाहेर पडताना. चौघांची तिकिटं एकाच फोनवर असली तरी प्रत्येकाचा क्यूआर वेगळा; एकच चार वेळा दाखवला की दुसऱ्यालाच दार अडतं. आत शिरताना यंत्राने 'बीप' न देता दार उघडं मिळालं म्हणून कुणाच्या मागोमाग गेलात, तर बाहेर पडताना तुमचा प्रवेशच नोंदलेला नसतो. अशा वेळी दारावरून उडी नको, ग्राहक कक्षात जा, ते नोंद बघून दुरुस्त करतात. लोकलमधून घाटकोपर किंवा अंधेरीला मेट्रोत जाताना लोकलचं तिकीट हाताशी ठेवा, रेल्वेची तपासणी बरेचदा त्याच वळणावर असते.

वसईवाली

वरचं सगळं जमवून पासाच्या पाठीमागे चिकटवण्यापुरतं लिहिलंय, चुकलं असेल तर सांगा. शेवटची तारीख. आठ दिवस आधीची आठवण. व्हाया. ओळखपत्राचा नंबर. १३८: भाडं + २५०. १३९: एकट्या बाईला रात्री उतरवता येत नाही.

तिकीटखिडकी

बरोबर आहे. फक्त 'ॲपचा पास उद्यापासून' हे तारखेच्या शेजारीच लिहा.